कुपनावरची भवानी

ईशान, तारा,

रविवारी सकाळी तुमचा फोन येतो आणि मी उचलत नाही. तुमच्याकडे तेव्हा अजून शनिवारच असतो, तुम्ही मोकळे असता आणि आजी गायब. मागच्या महिन्यात तारानं सरळ विचारलं, "आजी, तू तर रिटायर झालीस ना?" त्याच आठवड्यात या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी निवृत्तीनंतरच्या कामाबद्दल लिहायला सांगितलं. म्हणून एकाच लेखात दोघींना उत्तर देते. अंक तुमच्या आईच्या पत्त्यावर येईल. तुम्हाला मराठी सावकाश वाचता येतं, तेव्हा वाक्यं लहान ठेवते. अडेल तिथे आईला विचारा.

क्रमाने सांगायची माझी सवय आहे. आधी जागा सांगते, मग काम, मग माणसं, मग भांडण. भांडण झालं नसतं तर हा लेखही झाला नसता.

जागा म्हणजे सोलापुरातल्या एका शाळेचं मैदान. तिथे दर रविवारी सकाळी सात ते बारा शेतकऱ्यांचा बाजार भरतो. उत्तर सोलापूर, मोहोळ, अक्कलकोट या बाजूंचे शेतकरी आपला माल स्वतः आणतात आणि स्वतः विकतात. मध्ये आडत्या नाही, व्यापारी नाही. पहाटे खुडलेली पालेभाजी सातला मांडलेली असते. उजनीच्या बाजूने एक टेम्पो केळी घेऊन येतो. एकूण चौदा-पंधरा ताडपत्र्या. बाजार छोटा, पण माल असा की वांग्यावर हात ठेवला तर बोट घसरावं.

काम असं. रेशन दुकानात म्हाताऱ्या माणसाला गहू-तांदूळ मिळतो, भाजी मिळत नाही. ज्याची कमाई थांबली त्याच्या ताटातून सगळ्यात आधी भाजी जाते. भाकरी राहते, शेंगांची चटणी राहते, भाजी जाते. मी तेहेतीस वर्षं कॉलेजात ग्रंथपाल होते. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी सुनीलने चार मित्र जमवले आणि मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही हिशेबाच्या पक्क्या. आम्ही पैसे घालतो, तुम्ही चालवा." आम्ही कुपनं छापली. कुपन म्हणजे पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा हिरवा कागद, त्यावर शिक्का आणि माझी सही. आजोबा-आजींनी ते शेतकऱ्याला द्यायचं आणि त्या किमतीची भाजी घ्यायची. दुपारी शेतकऱ्याने ते माझ्या टेबलावर आणून रोख पैसे घेऊन जायचे. एवढंच. तीन महिने चालवून पाहू, असं ठरलं. कुपनं वापरली गेली तर काम पुढे चालू ठेवायचं. नाही वापरली गेली तर लोकांना त्याची गरज नाही असं समजायचं आणि पैसे दुसऱ्या चांगल्या कामाला द्यायचे. अट रास्त होती. मीच ती लिहून काढली होती.

आता माणसं. चाळीस नावं मी घरोघर जाऊन लिहून घेतली. बहुतेक पूर्व भागातली, एकेकाळी मागावर किंवा विड्यांवर जगलेली. त्यात नरसम्मा होती. वय सत्तरीच्या पुढे, घरी तेलुगू, बाहेर तिची स्वतःची मराठी. पंचेचाळीस वर्षं तिने विड्या वळल्या. अंगठ्याची आणि तर्जनीची कातडी अशी गुळगुळीत झाली होती की बँकेतलं यंत्र तिचा ठसाच घेत नसे.

तिला योजना समजावून सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"अम्मा, ह्येच्यात छाट किती?"

मला कळेना. मग तिनेच सांगितलं. विडी कारखान्यात बायका वळलेल्या विड्या घेऊन जात, तेव्हा तिथला तपासनीस त्या बोटाने दाबून बघायचा. ही सैल, ही आखूड, असं म्हणत मूठभर बाजूला काढायचा. ती छाट. त्या विड्यांची मजुरी मिळायची नाही आणि विड्याही परत मिळायच्या नाहीत.

"ह्येच्यात छाट नाही," मी म्हटलं.

"बगू," ती म्हणाली.

पहिल्या रविवारी चाळीसपैकी छत्तीस जण आले. साडेसहाला, बाजार मांडायच्याही आधी. म्हातारी माणसं लवकर उठतात. मी ताडपत्र्यांच्या कडेला लिंबाखाली एक लांब बाक ठेवून घेतला होता. सगळे येऊन बाकावर बसले. सात वाजले, साडेसात झाले, तरी बसलेलेच. नऊनंतर हळूहळू उठले, भाजी घेतली आणि गेले. दुसऱ्या रविवारी तसंच, तिसऱ्या रविवारी तसंच.

ईशान, तू मोठा झालास की कुणी तुला अहवाल लिहायला सांगेल. तेव्हा तुझ्या आजीचं हे वाक्य आठव. मी सुनीलला लिहिलं, "बाकाची सोय ज्येष्ठांना विशेष आवडलेली दिसते. गर्दी ओसरेपर्यंत ते सावलीत विसावतात. आणखी एक बाक मिळाल्यास बरे." वाचनालयात खुर्च्या भरलेल्या दिसल्या की मला आनंद व्हायचा, तोच आनंद मला इथे झाला. सुनीलने दुसरा बाक पाठवला. मी त्याला हिरवा रंग देऊन घेतला.

सहाव्या आठवड्यात रज्जाकचाचा यायचे थांबले. ते जुने रंगारी. सूत रंगवण्यात आयुष्य गेलं होतं. पांढरा कुर्ता कडक इस्त्रीचा. मी नोंदवहीत त्यांच्या नावापुढे "गैरहजर" लिहिलं. सातव्या आठवड्यात आणखी पाच गैरहजर. आठव्यात आकडा निम्म्यावर आला. सुनीलचा फोन आला, "मॅडम, कुपनं परत येत नाहीयेत. लोकांना नको असेल तर आपण ओढून ताणून करायला नको."

नवव्या आठवड्यात नरसम्माचंही कुपन सलग दुसऱ्यांदा आलं नाही. मी वही घेऊन तिच्या घरी गेले. दीड खोलीचं घर. ती दारात बसून तांदूळ निवडत होती.

"दोन रविवार तुम्ही आला नाहीत," मी म्हटलं.

"आलो की. बसलो. गेलो."

"भाजी न घेता?"

"कोन देतंय? भवानी झाल्याशिवाय देत न्हाईत. भवानी होतंय आठला, साडेआठला. मग गिऱ्हाईक येतंय, गर्दी होतंय. आमची पाळी नऊला. चांगलं सगळं तवर जातंय. आमाला कोबी ऱ्हातंय. माज्या तोंडात दात किती, अम्मा? मोजा. कोबी घेऊन काय करू, उशाला घेऊ?"

तुमच्यासाठी थांबून सांगते. दिवसाच्या पहिल्या विक्रीला आपल्याकडे भवानी म्हणतात. पहिल्या गिऱ्हाइकाचे पैसे शेतकरी कपाळाला लावतो, काट्याला लावतो. भवानी चांगली झाली तर दिवस चांगला जातो, अशी श्रद्धा. ही गोष्ट मी लहानपणापासून बघत आले. पण माझ्या हिरव्या कागदाचा आणि त्या पहिल्या विक्रीचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

"पण कुपन घ्यायला काय हरकत आहे त्यांना?"

"कागद म्हंजे लक्ष्मी न्हाई म्हनतंय. आन म्हातारी, एकटी बाई पयलं गिऱ्हाईक नको. तोंडानं बोलत न्हाईत. 'आजी, जरा बसा' म्हनतंय."

"मला वाटलं, तुम्हाला बाकावर बरं वाटतं."

नरसम्मा इतकी हसली की सुपातले तांदूळ सांडले. "बरं? अम्मा, हितनं कोन उटवत न्हाईत म्हनून बसतंय!"

घरी येऊन मी स्वतःचा अहवाल पुन्हा वाचला. तेहेतीस वर्षं मुलांना सांगत होते, आधी नीट बघा, मग लिहा.

पण तिच्या घरून निघण्याआधी मी तिला एक उपाय सुचवला होता, तो सांगायला हवा. मी म्हटलं होतं, "मग असं करू. मी प्रत्येकाला पाच रुपयांचं नाणं देते. आधी नाणं द्या, भवानी करा, मग कुपन द्या."

तिचं हसणं थांबलं. "नानं द्यायचं तर चिठ्ठी कशाला छापली? तुमची सही खोटी हाय का?"

"नाही."

"मग खरी चिठ्ठी मागं का ऱ्हावी?"

मी वही मिटली आणि उठले.

पुढच्या रविवारी बाजार उठताना मी शेतकऱ्यांची बैठक घेतली. त्यांचा पुढारी अंकुश. चाळिशीचा, कष्टाळू, तोंडाने गोड. पालेभाजीत त्याचा हात धरणारा कुणी नाही. शेजारी त्याची बायको सुमन. मी दहा मिनिटं बोलले असं वाटलं, घड्याळात पंचवीस झाली होती. श्रद्धा आणि कार्यकारणभाव यांवर बोलले. पहिल्या विक्रीचा आणि बाकीच्या दिवसाचा काही संबंध नसतो, हे उदाहरणं देऊन पटवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

अंकुश म्हणाला, "मॅडम, तुमचं शंभर टक्के बरोबर हाय. आमाला पटतंय. पण भवानी ती भवानी."

मग मी नियम केला. फळ्यावर लिहून लावला: पहिल्या विक्रीलाही कुपन स्वीकारावे. सगळ्यांनी वाचला आणि आपापल्या टोपल्या उचलल्या. पुढच्या रविवारी बघते तर सात वाजले तरी प्रत्येक ताडपत्रीवरची भाजी ओल्या गोणपाटाखाली झाकलेली.

"अजून मांडायचं हाय, आजी. बसा जरा," अंकुश नरसम्माला म्हणाला.

आठच्या सुमारास पहिली स्कूटर थांबली. एकदम पंधरा गोणपाटं उठली. रंगमंचाचा पडदा वर गेल्यासारखी. माझा नियम कुणीही मोडला नव्हता.

नरसम्माने बाकावरून माझ्याकडे बघितलं. दर रविवारी ती येऊन बसायला लागली होती, भाजी घेवो न घेवो. चिठ्ठी मुठीत असायची.

आता तो रविवार. तीन महिन्यांतला शेवटचा. सुनील स्वतः बघायला येणार होता आणि त्यानंतर ठरवणार होता. एप्रिल महिना. सोलापूरचा एप्रिल तुम्ही बघितलेला नाही, ते तुमचं भाग्य. सकाळी आठलाच ऊन टोचायला लागतं.

त्या दिवशी शहरात धावण्याची मोठी शर्यत होती. मैदानाकडे येणारे दोन्ही रस्ते पोलिसांनी पहाटेच बंद केले. शेतकरी त्याआधीच आत आले होते. गिऱ्हाईक मात्र येऊ शकत नव्हतं, कारण आमचं गिऱ्हाईक स्कूटरवर येतं. पायी, बोळाबोळांतून आले ते फक्त आमचे म्हातारे. सतरा जण. दोन्ही बाकांवर बसले.

सात वाजले, आठ झाले, साडेआठ. एका बाजूला पंधरा शेतकरी, भाजी झाकून. दुसऱ्या बाजूला सतरा गिऱ्हाइकं, कुपनं हातात घेऊन. मध्ये मोकळं मैदान. भवानी झाल्याशिवाय विकायचं नाही, म्हणून ते बसलेले. विकत नाहीत म्हणून हे बसलेले. पावणेनऊला सुनील पळण्याचे बूट घालून चालत आला. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "हे आंदोलन कोणाचं आहे? यांचं की त्यांचं?"

तीन महिन्यांचं काम त्याच्यासमोर झाकून ठेवलेलं होतं.

तेवढ्यात नरसम्मा उठली. मला वाटलं, घरी निघाली. ती थेट अंकुशच्या ताडपत्रीपाशी गेली आणि गोणपाटाला हात लावला.

"आजी, अजून..." अंकुश म्हणाला.

"गप. वाळलंय हे." तिने गोणपाट चोळून दाखवलं. "पानी कवा मारलं? पान मरतंय आत. गरम झालंय."

तुम्हाला ठाऊक नसेल, विडीचं पान आदल्या दिवशी भिजवतात आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. कोरडं पडलं की चिरतं, फार ओलं राहिलं की सडतं. पंचेचाळीस वर्षं त्या बाईने पान ओलं ठेवलं होतं. तिच्यासमोर पंधरा ताडपत्र्यांवर पान मरत होतं आणि हे तिला बघवेना.

तिने गोणपाट ओढून बाजूला टाकलं. शेपू आणि चुका खरंच मान टाकत होते. ती खाली बसली. एकेक पेंडी उचलायची, सोडायची, पिवळी काडी, सडकं पान झटक्याने बाहेर, बाकीची पुन्हा बांधून पाण्याचा हात फिरवायचा. इतकं भराभर की बघत राहावं. बाजूला काढलेल्या पानांचा ढीग वाढत गेला.

"आवं, किती काढताय!" अंकुश कळवळला.

"छाट हाय ही. एक सडकं धाला सडवतंय. माजी पंचेचाळीस वर्सं काढली लोकांनी छाट, मी तुजी काढू नको व्हय?"

सुमन तिच्या शेजारी येऊन बसली आणि पाणी शिंपडायला लागली. दहा मिनिटांत ती ताडपत्री अशी दिसायला लागली की पहाटे खुडल्यासारखी. मग नरसम्मा उठली, हात पदराला पुसले आणि त्याच ताडपत्रीवरून शेपूची एक पेंडी उचलली. दुसऱ्या हाताने कुपन पुढे केलं.

अंकुशने कुपनाकडे बघितलं. मग माझ्याकडे, मग आभाळाकडे. हात काही पुढे येईना.

"चालंल की वो नंतर..." तो पुटपुटला.

"काय नंतर?" सुमन कडाडली. "सकाळधरनं कुत्रं न्हाय फिरकलं हितं! ह्या म्हातारीनं तुमची भाजी जिती केली, आन तुमी तिचं तोंड बगून भवानी ठरवताय? लाज वाटू द्या जरा!"

तिने ते कुपन नरसम्माच्या हातून घेतलं. कपाळाला लावलं. काट्याला लावलं. आणि पहिल्या वजनाखाली दाबून ठेवलं.

"झाली भवानी," ती म्हणाली.

शेजारचा बसवराज अक्कलकोटकडचा, निम्मं कानडी बोलणारा. तो अंबाडी आणतो. त्याने स्वतःचं गोणपाट उचललं आणि हाक मारली, "अज्जी, हितं या की! माझं पान बी बघा!" मग तिसरा. मग सगळेच. आमची बाकीची सोळा माणसंही बाकावरून उठली आणि पंधरा ताडपत्र्यांवर पांगली. त्यातल्या अकरा बायका विड्या वळलेल्या. कुणाला सांगावं लागलं नाही. पान उचल, काडी काढ, पाणी मार. सव्वानऊपर्यंत प्रत्येक काट्याखाली एक हिरवं कुपन होतं.

साडेनऊला शर्यत संपली आणि रस्ते उघडले. धावून आलेली, भुकेजलेली, घामेजलेली शेकडो माणसं त्या वाटेने घरी निघाली. समोर ताजी, टवटवीत भाजी मांडलेली. तासाभरात बाजार रिकामा. अंकुशची ताडपत्री तर दहालाच झटकून झाली. तो दोन्ही हात जोडून नरसम्मासमोर उभा राहिला.

"अम्मा, तुमच्या हाताला गुन हाय!"

मुलांनो, मी इंग्रजीत शिकलेली बाई आहे. शर्यत होती म्हणून गर्दी आली, हे मला माहीत होतं. भाजी निवडलेली होती म्हणून खपली, हेही माहीत होतं. त्या सकाळी मला कार्यकारणभावावर आणखी पंचवीस मिनिटं बोलता आलं असतं. मी तोंड बंद ठेवलं. आयुष्यात मी योग्य वेळी गप्प बसले, असे जे दोन-तीन प्रसंग आहेत त्यांतला हा एक.

सुनील एका दगडावर बसून हे सगळं बघत होता. त्याच्या हातात पिशवी, पिशवीत दोडके. तो म्हणाला, "मॅडम, काम पुढे चालू ठेवायचं. चाळीसचे साठ करा. बाक मात्र एक परत पाठवा."

"दोन्ही पाठवते," मी म्हटलं.

त्यानंतरच्या रविवारी सात वाजता एकही गोणपाट नव्हतं आणि नरसम्मावरून भांडण झालं. अंकुश म्हणे आधी माझ्याकडे, बसवराज म्हणे मागल्या बारीला तुझ्याकडे झाली. नरसम्माने दोघांना गप्प केलं आणि अटी घातल्या. मी त्या वहीत लिहून घेतल्या, कारण इतक्या नेमक्या अटी मला कधी सुचल्या नव्हत्या. भाजी आम्ही हाताने निवडणार. एकट्या माणसाला अर्धी पेंडी द्यायची, पेंडी मोडली म्हणून कुरकुर नको. एक वांगं मागितलं तर एक वांगं. भवानी पाळीपाळीने, दर रविवारी एकाच्याच हाताची नाही, सगळ्या म्हाताऱ्यांच्या हाताला सारखाच गुण.

"आन कोबी?" अंकुशने विचारलं.

"कोबी तुमी खावा."

या कामात चमत्कारिक गिऱ्हाइकं पुष्कळ भेटली. एक निवृत्त शिंपीकाका दर आठवड्याला सगळ्या कुपनाच्या मिरच्याच न्यायचे. मी आहारावर बोलायला गेले, तर म्हणाले, "मॅडम, मिरची असली की कोरडी भाकर सात दिवस उतरते. तुमची पालक एक दिवस." एका आजींनी कुपनं डब्यात साठवून ठेवली होती. का, तर भोगीला सगळ्या भाज्या एकदम घेऊन, लेकीला बोलावून, बाजरीच्या भाकरीबरोबर मिसळीची भाजी करायची. मी कुपनावर महिन्याची मुदत छापली होती. त्यांची सगळी बाद झाली होती. मी मुदत रद्द केली आणि त्यांना नवी कुपनं लिहून दिली. लेक आली होती म्हणे. भाजीचा डबा माझ्याकडेही आला.

एक गोष्ट मात्र दुरुस्त झाली नाही. रज्जाकचाचांकडे मी तीनदा गेले. सांगितलं, आता थांबावं लागत नाही, मान आहे. चाचांनी चहा पाजला, खुर्ची पुसून दिली. म्हणाले, "मॅडम, आप की नीयत अच्छी है. लेकिन पाँच इतवार मैं सब के सामने बैठा रहा. मोहल्ले के लोगां देखे मेरे को. अब नको." मी आग्रह केला नाही. ते बसून होते तेव्हा मी वीस पावलांवर होते आणि वहीत "विसावतात" असं लिहीत होते. चाचा परत आले नाहीत. त्यांचं नाव मी वहीतून खोडलेलं नाही. नव्या साठ जणांत त्यांच्या गल्लीतले चौघे आहेत. ते चौघे रविवारी सात वाजता येतात आणि बसत नाहीत.

गेल्या थंडीतली गोष्ट सांगते आणि थांबते. घरी पाहुणे यायचे होते आणि मला मेथी हवी होती. मी पावणेसातला अंकुशकडे गेले, पर्स काढली. मेथी अशी कोवळी की कच्ची खावी.

"दोन पेंड्या दे रे."

"मॅडम, दमा जरा," अंकुश म्हणाला. "आज नरसम्माची पाळी हाय माज्याकडं. भवानी व्हायची हाय."

तुमचे आजोबा जाऊन चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत मी कितीतरी दुकानांत पहिलं गिऱ्हाईक झाले असेन. माझ्या हातातली पर्स बघून एकटी बाई म्हणून मला कधी कुणी थांबवलं नव्हतं. त्या सकाळी थांबवलं. सुमन हसू दाबत होती. मी पर्स मिटली आणि उभी राहिले.

सात वाजून पाच मिनिटांनी नरसम्मा आली, शालीत गुरफटलेली, घाई अजिबात नाही. मेथीची एक पेंडी उचलली, सोडली, तीन काड्या काढून टाकल्या, अर्धी मोडून पिशवीत टाकली. कुपन दिलं. अंकुशने ते कपाळाला लावलं, काट्याला लावलं. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. तिने माझ्यासाठी दोन पेंड्या निवडल्या, झटकल्या आणि माझ्या हातात दिल्या.

"घ्या, अम्मा," ती म्हणाली. "आता तुमी घ्या."